मोटो गुझी ८५० टी३: उजवा प्लग सारखा काळा होतोय, जुन्या इटालियन गाड्यांवाले इकडे या

निवांत_पिस्टन

मंडळी, आजवर वाचनमात्र होतो, आता मदत हवी आहे. १९७६ ची मोटो गुझी ८५० टी३ हाती आली आहे. मधली बरीच वर्षं गाडी ताडपत्रीखाली उभी होती. टाकी आतून साफ केली. पेट्रोलच्या नळ्या, बॅटरी, टायर, इंजिन ऑइल सगळं नवं टाकलं. सेल्फ मारला की गाडी चालू होते आणि तो आवाज ऐकून जीव हरखतो. पण दुखणी आहेत.

थंड असताना दोन्ही सिलिंडर मस्त चालतात. गरम झाली की उजवा मिसिंग करायला लागतो आणि आयडलिंगला गाडी बंदच पडते. उजवा प्लग काढला तर काजळीने माखलेला. डावा मात्र बदामी, बघत राहावा असा. प्लगांची अदलाबदल करून पाहिली, तरी काळा होतो तो उजवीकडचाच.

दुसरं म्हणजे उभ्या गाडीवर मूठ पिळली की अख्खी गाडी उजवीकडे कलते. फ्रेम वाकडी तर नाही? आणि आयडलिंगला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत राहतो.

जेटचा नवा सेट मागवून ठेवलाय. कार्बोरेटर खोलायला घेऊ का?

टॅपेटवाला

अभिनंदन! आणि तो जेटचा सेट कपाटात ठेवून द्या.

आधी सोपं. गाडी कलते ती कलणारच. तुमच्या इंजिनाची क्रँक गाडीच्या लांबीत बसवलेली आहे, बहुतेक गाड्यांसारखी आडवी नाही. क्रँक आणि तो जडशीळ फ्लायव्हील एका बाजूला वेग घेतात तेव्हा बाकीची गाडी उलट बाजूला झुकते. फ्रेम सरळ आहे, निर्धास्त राहा. चालत्या गाडीवर हे जाणवतही नाही.

लाल दिव्याचंही तसंच. त्या बॉश अल्टरनेटरला आयडलिंगच्या आरपीएमवर पुरेसं चार्जिंग जमत नाही. मूठ थोडी वाढवली की दिवा विझायला हवा. उलट चावी फिरवल्यावर तो दिवा लागलाच नाही तर काळजी करा. अल्टरनेटरला जागं करणारा करंट त्या दिव्यातूनच जातो. बल्ब उडाला की चार्जिंग बंद, आणि लोक रेग्युलेटर बदलत बसतात.

आता उजवा सिलिंडर. क्रम ठरलेला आहे: आधी टॅपेट (म्हणजे व्हॅल्व्ह आणि रॉकरमधली फट), मग इग्निशन, सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. टॅपेट चुकलेले असले की व्हॅल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ चुकते, आणि मग कार्बोरेटरवर केलेलं कुठलंही सेटिंग त्या चुकीला जुळवून घेतलेलं असतं.

गुझीचे टॅपेट म्हणजे तर चैन आहे. दोन्ही हेड बाहेर हवेत काढून ठेवलेली, टाकी काढायची गरज नाही. गाडी थंडगार हवी. मेन स्टँडवर घ्या, दोन्ही प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने फिरवा. क्लच हाउसिंगच्या उजव्या अंगाला एक रबरी बूच आहे, ते काढलं की आत फ्लायव्हीलवर कोरलेल्या रेघा दिसतील. डी म्हणजे उजवा, एस म्हणजे डावा. रेघ समोर आली आणि त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले की कॉम्प्रेशनचा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) मिळाला. हलत नसतील तर क्रँकचा अजून एक फेरा. टी३ ला इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही ०.२२ मिमी. लॉकनट आवळताना माप सरकतं, म्हणून आवळून झाल्यावर फीलर गेज पुन्हा घालून बघा. गेज ओढताना हलकीशी घासण जाणवली पाहिजे.

बेव्हलभक्त

रबरी बूच काढलं, चाक फिरवलं, झालं टॅपेट सेटिंग. गुझीवाल्यांचा हेवा वाटतो तो इथेच. ते व्ही-ट्विन पोलिसांच्या गाड्यांसाठी राबायला पुढे आलेलं इंजिन, त्यामुळे दुरुस्ती उघड्यावर होईल अशीच बेतलेली.

माझ्याकडे डुकाटी ७५० जीटी आहे. कॅम फिरवायला ना चेन ना पट्टा. क्रँकपासून हेडपर्यंत उभा शाफ्ट आणि दोन्ही टोकांना बेव्हल गिअर. त्या गिअरांचा मेळ पातळ शिमांनी साधायचा. सैल पडले तर खडखडतात, घट्ट बसले तर किंचाळतात. आवाज कानाने ओळखता येईपर्यंत त्या टॉवरला हात लावू नये.

घाटवेडी

@निवांत_पिस्टन, थंड असताना छान आणि गरम झाल्यावर मिसिंग, ही गोष्ट अधोरेखित करून ठेवा. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल चालतं, किंबहुना हवंच असतं. गरम झाल्यावर तेच डोईजड होतं. एकाच बाजूला पेट्रोल जास्त जातंय असा माझा अंदाज. पण टॅपेटवाला सांगतायत तो क्रम मोडू नका.

कुठूनही_कुठेही

वाचतोय. स्वतःची इटालियन गाडी नाही, पण हौस आहे. एक प्रश्न: या गाड्यांची वायरिंग कायम रडते असं जिकडेतिकडे ऐकू येतं. खरं किती, दंतकथा किती?

टॅपेटवाला

अर्धं खरं. तारा बऱ्या असतात, जोड वाईट असतात. टी३ च्या काळात टोकदार चिनीमातीचे फ्यूज असायचे, उघड्या पितळी पट्ट्यांत दाबून बसवलेले. पट्टीवर हिरवट थर चढला की फ्यूज शाबूत दिसतो पण करंट जात नाही. हाताने नुसता फिरवला की दिवा लागतो, आणि माणूस म्हणतो इटालियन गाडीत भूत आहे. पट्ट्या घासून साफ करा, नाहीतर सरळ पात्यांच्या फ्यूजचा नवा डबा बसवा. बॅटरीची अर्थिंगची तार जिथे बसते तिथला रंग खरवडून धातू उघडा करा. हेडलाइटला रिले द्या, म्हणजे सगळा करंट त्या म्हाताऱ्या स्विचमधून जाणार नाही. एवढं केलं की निम्म्या दंतकथा संपतात.

निवांत_पिस्टन

टॅपेट पाहिले. उजवा एक्झॉस्ट घट्ट होता, गेज शिरतच नव्हतं. चारही ०.२२ वर आणले. आवाज आधीपेक्षा थोडा वाढलाय, टिकटिक ऐकू येते. मिसिंग किंचित कमी आहे, पण प्लग अजून काळाच. आता पॉइंट?

टॅपेटवाला

टिकटिक असू द्या. टिकटिकणारा टॅपेट कान खातो, घट्ट टॅपेट व्हॅल्व्ह खातो. व्हॅल्व्ह सीटवर पुरता टेकला तरच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. सतत उघडा राहिलेला एक्झॉस्ट व्हॅल्व्ह जळतो.

होय, आता पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क. तुमच्या मारेल्ली डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचे दोन जोड आहेत, प्रत्येक सिलिंडरला एक. दोन्हींचा गॅप आधी, टायमिंग नंतर. पहिल्यांदा उजव्याचं टायमिंग डिस्ट्रिब्युटर फिरवून जुळवायचं. डाव्याचं मग आतली पॉइंटची प्लेट सरकवून. उलट केलंत तर डावा जुळवलेला उजव्याच्या वेळी पुन्हा बिघडतो. साधा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरे, पॉइंट उघडण्याचा क्षण तो दाखवतो. शेवटी स्ट्रोब लाइट लावून वरच्या आरपीएमला ॲडव्हान्स (वेगाबरोबर ठिणगी लवकर पडणं) तपासा, कारण आतल्या वजनांच्या स्प्रिंगा इतक्या वर्षांत सैल पडलेल्या असू शकतात.

शंकेखोर

इतका उपद्व्याप कशाला? इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट मिळतो. एकदा बसवला की पॉइंट नाही, कंडेन्सर नाही, दर सर्व्हिसिंगला टेस्ट लॅम्प घेऊन उकिडवं बसणं नाही. पॉइंटची टाच झिजते तसं टायमिंग सरकत जातं, ही वस्तुस्थिती आहे. ओरिजिनल, ओरिजिनल करत लोक गाडीला सोवळ्यात ठेवतात.

टॅपेटवाला

सोवळ्याचा प्रश्न नाही हो. पॉइंट बिघडतात ते हळूहळू, आधी सांगून सवरून. रस्त्याच्या कडेला एक पातळ कानस आणि व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा असला तरी घरी पोचता येतं. डबा जातो तेव्हा क्षणात जातो आणि खिशात दुसरा डबा नसतो.

शंकेखोर

आणि कंडेन्सर? हल्लीचे नवे कंडेन्सर जुन्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत, हे तुम्हीच मागे एका धाग्यावर लिहिलं होतं.

टॅपेटवाला

लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे. म्हणून एक जादा कंडेन्सर सीटखाली असतो.

घाटवेडी

दोघांचंही चालू द्या. माझ्या गाडीत किट आहे आणि काढलेला डिस्ट्रिब्युटर पूर्ण जोडणीसकट डब्यात जपून ठेवलाय. लांबच्या प्रवासाला तो डबा बरोबर असतो.

निवांत, टायमिंगनंतरही प्लग काळाच राहिला तर उजव्या कार्बोरेटरच्या चोककडे वळा. जेटकडे नाही. टी३ वर डेलॉर्टोचे व्हीएचबी ३० असतात, चौकोनी स्लाइडचे. यांचा चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नव्हे, पेट्रोलचा एक वेगळा चोरमार्ग आहे. छोटा प्लंजर वर उचलला की तो मार्ग उघडतो. प्लंजरच्या तळाला रबराची चकती असते, तिने खाली टेकून मार्ग पुरता बंद करायचा असतो. केबल जरा जरी ताणलेली राहिली किंवा रबर कडक झालं, की चोक कायमचा थोडा उघडा. मग मिक्स्चर स्क्रू कितीही फिरवा, आयडलिंग हाती लागत नाही.

बेव्हलभक्त

हे अगदी लाखातलं. माझ्याकडे असाच प्रकार प्लंजर बदलून मिटला होता.

अवांतर: कार्बोरेटर अदलाबदल करून बघायचा मोह आवरा. व्हीएचबी उजवा आणि डावा वेगळे असतात, अंगावर सीडी आणि सीएस लिहिलेलं सापडेल.

निवांत_पिस्टन

सापडलं!! टायमिंग उजव्याचं थोडं पुढे होतं, ते जुळवलं. मग चोक. लिव्हर पूर्ण खाली असतानाही उजव्या केबलला तसूभर ढील नव्हती. आधी कुणीतरी केबल बदलताना ती टाकीखालून आखूड वाटेने ओवली आहे. प्लंजर बाहेर काढून भिंग धरलं. तळाच्या रबरात नख रुतत नाही, आणि मधोमध गोल खाच पडली आहे. त्या खाचेची एक कड तुटलेली, म्हणजे सरळ बसला असता तरी गळतच राहिला असता. डावा प्लंजर अजून मऊ आहे, पण दोन्ही बदलतोय. केबल नव्या वाटेने नेली, आता दोन्हीकडे हाताला कळेल इतकी ढील आहे.

तात्पुरता उपाय म्हणून पातळ रबराची चकती कापून बसवली आणि गाडी गरम करून पाहिली. आयडलिंगला उभी राहते! आता दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवायचेत. व्हॅक्यूम गेज नाहीत.

घाटवेडी

चकती फक्त चाचणीपुरती. ती सुटून आत गेली तर नवा व्याप. नवे प्लंजर येईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

गेज नंतर घ्याच, पण ढोबळ काम हाताने होतं. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनरची तोंडं काढा, दोन्ही कार्बोरेटरमध्ये एकेक बोट घालून स्लाइडवर टेकवा. दुसऱ्या कुणाला मूठ अगदी सावकाश पिळायला सांगा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. एक आधी उठली तर तिच्या केबलचा ॲडजस्टर फिरवा. आयडलिंगचे स्टॉप स्क्रू याच्या आधी सारखे करायचे, इंजिन गरम असताना. हँडल टोकापासून टोकापर्यंत वळवून आयडलिंग चढत नाही ना तेही बघा. केबल आखूड ओवणाऱ्या त्या महाभागाने ॲक्सिलरेटरची केबलही तशीच नेली असेल.

बेव्हलभक्त

धागा कार्बोरेटरवर आलाच आहे तर पेट्रोलबद्दल थोडं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल या गाड्यांना मानवत नाही. जुन्या नळ्या फुगतात, फ्लोट बोलमध्ये चिकट थर बसतो. टी३ ची टाकी पत्र्याची आहे, ते एक बरं. १९७४ च्या ७५० सुपर स्पोर्टसारख्या डुकाटींना फायबरग्लासच्या टाक्या होत्या, त्यांचं रेझिनच इथेनॉलने मऊ पडतं आणि तो चिकटा वितळून कार्बोरेटरमध्ये उतरतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर नळ बंद करून बोल रिकामे होईपर्यंत इंजिन चालवा.

सुपर स्पोर्टचं नाव निघालं की राहवत नाही. २३ एप्रिल १९७२, इमोला २०० शर्यत. डुकाटीचे इंजिनिअर फाबिओ तालिओनी यांच्या ७५० डेस्मो (व्हॅल्व्ह स्प्रिंगऐवजी कॅमनेच मिटवणाऱ्या) गाड्यांवर पॉल स्मार्ट पहिला, ब्रुनो स्पाजारी दुसरा. तोवर डुकाटी म्हणजे छोट्या सिंगल सिलिंडरच्या गाड्या करणारी कंपनी अशीच ओळख होती. त्या एका दुपारनंतर चित्र पालटलं.

शंकेखोर

आणि मान्देल्लोवाले, म्हणजे मोटो गुझी, तेव्हा काय करत होते ते कोण सांगणार? गुझीचे इंजिनिअर लिनो तोंती यांची व्ही७ स्पोर्टची फ्रेम १९७१ ची. निवांतरावांच्या टी३ खाली त्याच फ्रेमचा वारसा आहे. खालच्या नळ्या बोल्ट काढून वेगळ्या करता येतात, म्हणजे इंजिन बाहेर काढायला आडवं-तिडवं वाकावं लागत नाही. इंजिन जुलिओ चेझारे कारकानो यांचं. हे दोघं नसते तर आज आपण इथे कशावर भांडलो असतो?

निवांत_पिस्टन

नवे प्लंजर आले, बसवले. दोन्ही प्लग आता बदामी. पहिल्यांदा नीट लांब चालवली. मंडळी, शब्द नाहीत. ठराविक वेगाच्या वर गेली की सगळी थरथर निवते आणि गाडी नुसती वाहत राहते.

पण चालवण्यात घोळ होतोय. गिअर खट्ट वाजतो. एका वळणात मूठ सोडली तर गाडी खाली बसल्यासारखी झाली आणि स्टँडची कड घासली. ब्रेकचंही काही कळत नाहीये.

घाटवेडी

आता खरी गंमत. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

गिअर: फ्लायव्हील जड आहे, क्लच कोरडा, दोन प्लेटचा. आरपीएम पटकन पडत नाहीत, पटकन चढत नाहीत. वर जाताना पायाने लिव्हरवर आधीच हलका दाब ठेवा, मूठ बंद, क्लच अर्धा, किंचित थांबा, मग गिअर. खाली येताना क्लच दाबलेला असताना मूठ एकदा हलकेच उघडा. घाई केली की खट्ट होणार. सिग्नलला क्लच दाबून उभं राहू नका, न्यूट्रल करा.

वळण: चेन नाही, शाफ्ट आहे. मूठ उघडली की मागचा भाग वर उठतो, सोडली की खाली बसतो. वळणाच्या मध्यावर मूठ बंद केलीत तर नेमकं जिथे जमिनीपासून अंतर हवं तिथेच गाडी खाली येते. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, आत शिरताना मूठ नावापुरती उघडी ठेवायची आणि बाहेर पडताना हळूहळू वाढवायची. एकदा अंगवळणी पडलं की दुसऱ्या गाडीवर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

ब्रेक: टी३ वर जोड-ब्रेक आहे. पायाच्या पेडलने मागची डिस्क आणि पुढची डावी डिस्क एकदम लागते. हाताच्या लिव्हरला फक्त पुढची उजवी. म्हणजे सवयीच्या उलट, पाय हा मुख्य ब्रेक. मोकळ्या रस्त्यावर आधी नुसत्या पेडलने थांबून पाहा, पुढचा भाग फारसा न वाकता गाडी किती सपाट थांबते ते कळेल. डिस्क बिडाच्या असतील तर एका रात्रीत गंज धरतात. घाबरू नका, पहिल्या एकदोन ब्रेकला निघून जातो. पावसात त्याच डिस्क स्टेनलेसपेक्षा चांगलं पकडतात.

कुठूनही_कुठेही

साइड स्टँडचं कुणीच बोललं नाही. त्या काळच्या पुष्कळ इटालियन गाड्यांचं स्टँड वजन उचललं की स्वतःच सटकन मिटतं ना?

बेव्हलभक्त

मिटतं आणि त्याच क्षणी गाडी आडवी. उतारावर किंवा सामान बांधताना मेन स्टँडच. यावर वाद नाही.

निवांत_पिस्टन

शेवटचा प्रश्न. ऑइल बदललं तेव्हा फिल्टर दिसलाच नाही. बाहेर कुठेच नाही. टी३ ला फिल्टर नसतो का? आणि काढलेलं ऑइल उन्हात धरलं तर बारीक चमक दिसली.

टॅपेटवाला

चमक हा शब्द आवडला नाही. त्या काळच्या गुझींच्या सिलिंडरना आतून हार्ड क्रोमचा थर असायचा. वय झालं की तो कडेने सोलायला लागतो, आणि त्याचे कण ऑइलबरोबर क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जातात. बेअरिंग साधी, सरकती आहेत, असले कण त्यांच्या मऊ धातूत रुतून बसतात. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घालून पाहा, विशेषतः बोअरच्या वरच्या आणि खालच्या टोकाला. गुळगुळीत चकाकीत कुठे करड्या रंगाचा बेट-बेट पट्टा दिसला तर ते सिलिंडर संपले. हे घासून मोठे करता येत नाहीत. गिलार्दोनीचे निकासिलचे (आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर दिलेले) सिलिंडर-पिस्टन किट मिळतात, तीही मान्देल्लोचीच कंपनी. थर अखंड असेल तर ती चमक कदाचित जुन्या पिस्टनच्या ॲल्युमिनियमची असेल, पुढचं ऑइल लवकर काढून पुन्हा बघा.

फिल्टर आहे, पण सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) आत. सम्पचे सगळे बोल्ट काढून तो खाली उतरवायचा, मग फिल्टर दिसतो. मागच्या मालकांपैकी कुणी हे केलंय का, देव जाणे. शेजारीच जाळीची गाळणी आहे, तीही धुवा. क्रोम सुटलं असेल तर पहिला पुरावा त्या जाळीत सापडेल.

नवा फिल्टर हाताने घट्ट बसवल्यावर त्याच्याभोवती एक मोठी होज क्लिप आवळा, क्लिपचा स्क्रू सम्पच्या आतल्या बरगडीला अडेल अशा बेताने. फिल्टर आत थरथरून सैल पडला तर बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त ऑइल प्रेशर जातं. सम्प बसवताना पॅकिंग नवं, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा. ॲल्युमिनियमचे आटे आहेत, जोर दाखवायची जागा नाही. ऑइल तीन लिटर, २०डब्ल्यू-५०, झिंक असलेलं. कॅमवर टेकणारे टॅपेट (इथे सुटा भाग, वरची फट नव्हे) सपाट आहेत, त्यांना ते झिंक लागतं. गिअरबॉक्स आणि मागच्या ड्राइव्हचं ऑइल वेगवेगळं आहे, तेही याच वेळी उरका.

निवांत_पिस्टन

बोअरस्कोप मागवलाय. सम्प आज संध्याकाळी उतरवतो. जाळीत काय निघतं त्याचे फोटो इथेच टाकतो.

शंकेखोर

फोटोंच्या प्रतीक्षेत. आणि निकासिल किट घ्यायची वेळ आलीच तर इंजिन उघडलेलंच असेल, तेव्हा इग्निशन किटचंही बघून घ्या.

टॅपेटवाला

झालं याचं सुरू परत.